मामाच्या मांगरातला विंचू

सुरुवात एका आवाजानं झाली. गतिरोधकावरून गाडी खाली उतरली की पुढच्या डाव्या चाकाजवळून "टक्" असा आवाज यायचा. एकदाच. आधी वाटलं, मुलीची पाण्याची बाटली दाराच्या कप्प्यात आपटते. बाटली काढली, आवाज राहिला. मग वाटलं, डिकीतला जॅक सैल झाला असेल. त्याला जुन्या टॉवेलात गुंडाळला, तरी आवाज होताच. पणजीत त्या दिवसांत निम्मे रस्ते खोदलेले होते. ऑफिसातून घरी येईपर्यंत दहा-बारा वेळा टक् ऐकू यायचं, आणि प्रत्येक वेळी बायको माझ्याकडे बघायची. ती काही बोलायची नाही, आणि तेच जास्त लागायचं.

आता गाडीबद्दल सांगायला हवं, कारण तिच्यामुळेच घरात हा विषय नाजूक होता. माझी गाडी अबार्थ पुंटो. 2016 ची, मी 2019 मध्ये दुसऱ्या हातची घेतली. आपल्या आजोबांच्या पिढीला फियाट म्हणजे कुर्ल्याच्या कारखान्यातली पद्मिनी. ही तिची पुण्याजवळच्या रांजणगावला जन्मलेली नात. फियाटनं आपली साधी पुंटो घेतली, तिच्यात 1.4 लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन बसवलं, 145 बीएचपी ताकद दिली, चारही चाकांना डिस्क ब्रेक लावले आणि ऑक्टोबर 2015 मध्ये दहा लाखांच्या आत विकायला काढली. नाकावर विंचवाचं चिन्ह. कार्लो अबार्थ या गृहस्थानं 1949 मध्ये इटलीत ही कंपनी काढली, त्याची रास वृश्चिक, म्हणून विंचू. पुढे 1971 मध्ये फियाटनं ती कंपनीच विकत घेतली.

तिला स्पोर्ट्स कार म्हणावं का, यावर जाणकार भांडतील. पाच दारं, मागं तिघांची सीट, डिकीत तांदळाचं पोतं मावतं. पण रस्त्यावर तिचं वागणं स्पोर्ट्स कारचं आहे, आणि पाठीला बसणारे दणकेही. साधी पुंटो जमिनीपासून 185 मिलिमीटर उंच, ही 155. स्प्रिंगा ताठ, टायरची भिंत बुटकी. वळणावर ती रुळावरून धावल्यासारखी वळते. त्याची किंमत खड्ड्यांत मोजावी लागते, आणि गोव्यात खड्ड्यांची ददात नाही.

शिवाय ती पोरकी आहे. 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 चे नियम लागू झाले. त्याआधीच फियाटनं भारतातल्या आपल्या गाड्या बंद केल्या होत्या. त्यामुळे काही सुटे भाग आजही सहज मिळतात, आणि काहींसाठी महिना-महिना थांबावं लागतं. मी एका गॅरेजात गाडी दाखवली. तिथल्या माणसानं चाक हलवलं, मान हलवली आणि पुढच्या सस्पेन्शनचं सगळं बदलायला सांगितलं. दोन्ही शॉकअप, दोन्ही लोअर आर्म, माउंटिंग, लिंक रॉड. आकडा साठ हजारांच्या पुढे गेला. "आवाज नेमका कशाचा आहे?" असं मी विचारलं. "सगळं बदललं की जाईल," असं उत्तर मिळालं.

हे उत्तर मला पचलं नाही. मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. आमच्याकडे प्रोग्रॅम बिघडला म्हणून कुणी "सगळा नवा लिहू" म्हणालं, तर त्याला नेमका बिघाड सापडलेला नाही असाच अर्थ होतो. खरं सांगायचं तर दुसरंही एक कारण होतं. बारा वर्षं मी ज्या गोष्टी दुरुस्त करतो आहे, त्या मी कधी हातात धरलेल्या नाहीत. बी. ई. च्या चार वर्षांत वर्कशॉपच्या तासाला एक लोखंडी चौकोन कानसून गुळगुळीत केला होता, तेवढाच काय तो अनुभव.

घरीच दुरुस्ती करायची ठरवली, पण घर म्हणजे पणजीतला फ्लॅट. पहिल्या रविवारी पार्किंगमध्ये चाक काढून बसलो, तर अर्ध्या तासात सोसायटीचे सेक्रेटरी खाली आले. पेव्हरवर तेल सांडलं तर कोण पुसणार, हा त्यांचा प्रश्न रास्तच होता. चाक परत लावलं आणि डिचोलीला मामाला फोन केला.

मामाबद्दल थोडं सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. त्याची हयात खनिजाच्या ट्रकांखाली गेली. आमच्या लहानपणी डिचोली, साखळी, वेळगे या भागात लाल धुळीनं माखलेल्या टिपरची रांग सकाळपासून संध्याकाळपर्यंत संपत नसे. खाणीवरून जेटीवर, जेटीवरून बार्जेसमध्ये, आणि बार्जेस मांडवीतून मुरगाव बंदराकडे. पणजीच्या काठावर बसून आम्ही त्या बार्जेस मोजायचो. टिपर वाहून न्यायचा ते ओझं शेवटी पाट्यांवर यायचं, आणि ते पाटे तुटले की टिपर मामाच्या मांगरात यायचा. 2012 च्या सप्टेंबरात खाणी थांबल्या, पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयानंही बंदी घातली. 2014 मध्ये वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घालून परवानगी मिळाली. मग फेब्रुवारी 2018 मध्ये 88 लीज रद्द झाल्या आणि मार्चच्या मध्यावर पुन्हा सगळं ठप्प. मामाच्या मांगरासमोर उभे राहणारे टिपर कमी होत होत दिसेनासे झाले. आता तो पिकअप आणि शाळेच्या मिनीबस बघतो. मांगर मात्र तसाच आहे. खाली जाड काँक्रीट, तीन बाजूंना चिऱ्यांच्या भिंती, वर पत्रे, आणि कोपऱ्यात पाटे रचून ठेवलेले, घरात जुनी भांडी ठेवतात तसे.

मे महिन्याच्या पहिल्या शनिवारी मी, बायको आणि मुलगी म्हापसा-अस्नोडामार्गे डिचोलीला पोचलो. मामानं गाडीभोवती एक फेरी मारली, चाक आणि मडगार्ड यांच्यामधल्या फटीत दोन बोटं घालून बघितली आणि म्हणाला, "ही गाडी आहे की चप्पल?"

मी लॅपटॉपवर मॅन्युअल उघडलं. त्यानं तो लॅपटॉप बंद करून पडवीत नेऊन ठेवला. "आधी ऐकूया," म्हणाला.

मग त्यानं मला दोन तास फक्त गाडी हलवायला लावली. ही पद्धत सांगण्यासारखी आहे, कारण तिला पैसे लागत नाहीत. गाडीचं नाक दोन्ही हातांनी दाबून सोडायचं. एकदा वर येऊन ते थांबलं तर शॉकअप बरा आहे, होडीसारखं डोलत राहिलं तर तो गेला. मग गाडी उचलून, नीट टेकवून, चाक वर-खाली धरून हलवायचं. खेळ लागला तर बॉल जॉइंट किंवा बेअरिंग. डावी-उजवीकडे धरून हलवायचं. तिथं खेळ लागला तर स्टिअरिंगचा टाय रॉड. आणि शेवटी टॉमी घालून लोअर आर्म फ्रेमपासून हळूच रेटून बघायचा, बुश किती देतो ते कळतं.

इथं बुश म्हणजे काय ते सांगतो, मलाही आधी धड माहीत नव्हतं. गाडीचं चाक एका लोखंडी हाताला धरलेलं असतं, तोच लोअर आर्म. तो हात गाडीच्या सांगाड्याला जिथं जोडलेला असतो तिथं लोखंडावर लोखंड घासू नये म्हणून मध्ये रबराचं जाड कडं असतं. ते बुश. चाक वर-खाली होतं तेव्हा हे रबर पिळतं आणि परत सरळ होतं. एका वर्षात किती लाख वेळा, ते कुणी मोजलेलं नाही. आपल्याकडे त्यावर चार महिने पाऊस, खारी हवा आणि तांबडी माती. रबर आधी फाटतं, मग लोखंड लोखंडावर आपटतं. टक्.

शॉकअपबद्दलही माझा गैरसमज होता. मला वाटायचं, धक्का शॉकअप झेलतो. मामा म्हणाला, वजन स्प्रिंग पेलते, धक्काही तीच झेलते. शॉकअप फक्त स्प्रिंगला पुन्हा पुन्हा उसळू देत नाही. त्याच्या आत तेल असतं, ते बारीक भोकांतून ढकलावं लागतं, आणि स्प्रिंगची मस्ती त्या तेलात गरम होऊन विरते. "मग तुझ्या टिपरला शॉकअप नसतानाही चालायचं ते कसं?" मी विचारलं. त्यानं कोपऱ्यातला पाट्यांचा गठ्ठा दाखवला. एकावर एक सात-आठ पट्ट्या. वजन आलं की त्या एकमेकींवर घासतात, आणि घासण्यातच उसळी मरते. लोखंडाची पट्टी, तिच्यातच स्प्रिंग आणि तिच्यातच शॉकअप. इंजिनिअरिंगच्या पुस्तकात हे घर्षणाच्या धड्यात वाचलं होतं. तेव्हा ते पाच मार्कांचं उत्तर होतं.

इतकं ऐकूनही पहिली चूक मी केलीच. लिंक रॉड सगळ्यात स्वस्त, बदलायला सगळ्यात सोपा, म्हणून मी येतानाच नवे घेऊन आलो होतो. मामा म्हणाला, तो ठीक वाटतो. मी म्हटलं, आणलेत तर लावू. लावले. संध्याकाळी घरी जाताना अस्नोड्याच्या गतिरोधकावर टक्. बायको खिडकीबाहेर बघत होती, पण तिच्या खांद्यावरून कळत होतं की ती हसते आहे.

दुसऱ्या शनिवारी टॉमीनं खरं कारण दाखवलं. डाव्या लोअर आर्मचा मागचा बुश अर्धा फाटला होता. आणि स्टिअरिंग जागेवर उभं वळवताना वर बॉनेटखाली हात ठेवला, तर शॉकअपचं वरचं माउंटिंग किरकिरत होतं. म्हणजे दोन गोष्टी. साठ हजारांच्या यादीतल्या दोनच. मागच्या बाजूला तर काही करायचंच नव्हतं. लोअर आर्म आणि माउंटिंग दोन्ही बाजूंचं घ्यायचं ठरलं, कारण एक बाजू नवी आणि एक जुनी ठेवली तर गाडी एका अंगाला ओढते, हे मामाचं मत. पुण्याला नाना पेठेत मित्राला पाठवलं, भाग मिळाले, आणि रात्रीच्या बसनं पार्सल पणजीला आलं. खोक्यातला लोअर आर्म मी डायनिंग टेबलावर ठेवून बराच वेळ बघत बसलो होतो. मुलीनं विचारलं, "बाबा, हा गाडीचा पाय आहे का?" तसंच समज, म्हटलं.

मांगरात दोन नियम होते. पहिला, नुसत्या जॅकवर असलेल्या गाडीखाली शरीराचा कुठलाही भाग जायचा नाही. जॅक उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नाही. गाडी घोडीवर बसवायची, मग जोर लावून हलवून बघायची, आणि काढलेलं चाक आडवं करून सांगाड्याखाली सरकवायचं. घोडी घसरली तरी गाडी चाकावर पडेल, माणसावर नाही. दुसरा नियम, पोरं पडवीच्या पायरीखाली उतरायची नाहीत.

तिसऱ्या शनिवारी काम सुरू झालं. गंजलेले बोल्ट हा गोव्यातल्या दुरुस्तीचा निम्मा वेळ असतो. मी गंज सोडवणारा महागडा स्प्रे आणला होता. मामानं डिझेलमध्ये फडकं भिजवून आदल्या रात्रीच बोल्टांना बांधून ठेवलं होतं. गोटी पाना लावला, त्यावर तीन फुटी पाइप चढवला, आणि बोल्ट असा कर्रकन ओरडून सुटला की मामी कोकम सरबत घेऊन येता येता थबकली. दुपारपर्यंत डावीकडचा शॉकअप स्प्रिंगसकट बाहेर आला. मला वाटलं, जिंकलो.

पुढचं लिहिताना अजून हात जरा जड होतो.

वरचं माउंटिंग बदलायचं तर स्प्रिंग शॉकअपवरून सोडवावी लागते. गाडीतून बाहेर काढली तरी ती मोकळी नसते, दोन थाळ्यांच्या मध्ये दाबून बसवलेली असते. मधला नट काढण्याआधी तिला आणखी दाबून धरावं लागतं. त्यासाठी दोन लांब आट्यांच्या सळ्या मिळतात, त्यांना दोन्ही टोकांना आकडे असतात. त्या समोरासमोर लावायच्या आणि दोन्ही सारख्या-सारख्या आवळत जायच्या. मी त्या ऑनलाइन मागवल्या होत्या, बाराशे रुपयांना. मामा जेवायला आत गेला होता. तो म्हणाला होता, मी येईपर्यंत थांब. मी थांबलो नाही. आकडे समोरासमोर बसत नव्हते, एक जरा कलला होता, पण आवळत गेलो. मधला नट सैल केला. एक आकडा घसरला.

आवाज टक् नव्हता. स्प्रिंग माझ्या उजव्या कानाजवळून गेली आणि चिऱ्याच्या भिंतीवर आदळली. चिऱ्याचा मुठीएवढा तुकडा उडाला. नंतर ती काँक्रीटवर दोनदा उसळली आणि पाट्यांच्या गठ्ठ्याजवळ जाऊन पडली. मला काही लागलं नाही. मी ज्या बाजूला बसलो होतो ती बाजू वाचली, इतकंच. दहा मिनिटांपूर्वी माझी मुलगी त्या भिंतीपासून चार पावलांवर, पडवीच्या पायरीवर बसून मानकुराद आंबा चोखत होती. हात धुवायला मामी तिला आत घेऊन गेली होती.

मामा बाहेर आला. त्यानं भिंत बघितली, स्प्रिंग बघितली, मग मला बघितलं. ओरडला नाही. डावा हात माझ्यापुढे धरला. त्याच्या तर्जनीला शेवटचं पेर नाही. ते मी जन्मापासून बघत आलो आहे, आमच्यासाठी मामाचा हात असाच असतो. कधी विचारलं नव्हतं. "पाट्याचा सेंटर बोल्ट," तो म्हणाला. "क्लॅम्प न लावता सोडला. घाई होती. ट्रक दुसऱ्या दिवशी खाणीवर हवा होता." आणि हत्यारं गोळा करून पत्र्याच्या पेटीत ठेवायला लागला.

त्या संध्याकाळी आम्ही मामाच्या पिकअपमधून पणजीला आलो. बायकोनं भिंत बघितली होती. वाटेत तिनं एकच विचारलं. "समज, तू सगळं नीट जोडलंस. आवाज गेला. तर तू जोडलेल्या गाडीत मी पोरीला घेऊन बसायचं, ते कशाच्या भरवशावर?"

मला उत्तर सुचलं नाही. दोन आठवडे गाडी डिचोलीत घोडीवर होती आणि मी बसनं ऑफिसला जात होतो. त्या दोन आठवड्यांत हा प्रश्न मी बराच घोळवला. रागानं नाही, कारण प्रश्न योग्य होता. गॅरेजवाल्यावर आपण विश्वास टाकतो तेव्हा तो नेमका कशावर टाकतो? त्यानं हे काम शंभर वेळा केलेलं असतं. माझ्याकडे ते शंभर नव्हते, आणि येणारही नव्हते. मग माझ्याकडे काय होतं? घाई न करण्याची मुभा होती. पाऊस लागेपर्यंत गाडी तशीच राहिली तरी कुणाचा ट्रक खाणीवर जायचा नव्हता. तरीही मी घाई केली, हे जास्त लाजिरवाणं होतं.

आमच्या धंद्यात एक पद्धत आहे. कोड लिहिणारा माणूस स्वतःच तो मंजूर करत नाही. दुसरा कुणी ओळ न् ओळ वाचतो, तेव्हाच तो पुढे जातो. लिहिणारा मूर्ख असतो म्हणून नाही. स्वतःची चूक स्वतःच्या डोळ्यांना दिसत नाही म्हणून. हे मी बायकोला सांगितलं. गाडी जोडून झाली की दुसरा माणूस लिफ्टवर घेऊन तपासेल, तू समोर उभी राहशील, आणि तो बरोबर म्हणाला तरच पोर बसेल. आणि स्प्रिंगला मी परत हात लावणार नाही. ती म्हणाली, "हे आधीच ठरवायला काय झालं होतं?"

स्प्रिंग आणि शॉकअप घेऊन मी म्हापशाच्या एका गॅरेजात गेलो. तिथं भिंतीत पक्कं बसवलेलं स्प्रिंग दाबायचं यंत्र आहे. कारागिरानं आधी स्प्रिंग हातात फिरवून बघितली, आदळलेल्या जागी तडा आहे का, रंग उडून गंज धरेल का. मग म्हणाला, ही वापरू नका. नव्या स्प्रिंगांसाठी आणखी दहा दिवस गेले, आणि त्या जोडीनंच घ्याव्या लागल्या. ते माझ्या घाईचं बिल. दोन्ही बाजूंची माउंटिंग बसवायला त्याला वीस मिनिटं लागली. मी घेतले असते ते चार तास, आणि कदाचित एक कान.

जूनच्या पहिल्या शनिवारी आभाळ भरून आलं होतं. मांगरात परत काम सुरू झालं, या वेळी मामा स्टूल टाकून समोर बसला. आणि आता लॅपटॉप त्यानंच मागितला. प्रत्येक बोल्ट किती आवळायचा याचे आकडे मॅन्युअलमध्ये असतात, आणि मी टॉर्क रेंच आणली होती. ठरवलेल्या आकड्याला तिच्यात "टिक्" असं होतं आणि थांबायचं असतं. मामानं आयुष्यभर हाताच्या अंदाजानं बोल्ट आवळले. त्यानं एक बोल्ट अंदाजानं आवळला आणि मला तपासायला लावला. जवळजवळ बरोबर होता. दुसरा पुष्कळ जास्त निघाला. त्यानं रेंच माझ्या हातातून घेतली ती नंतर बराच वेळ दिली नाही.

इथं त्यानं एक गोष्ट शिकवली, ती मॅन्युअलमध्येही होती पण मी वाचून पुढे गेलो होतो. लोअर आर्मच्या बुशचे बोल्ट गाडी हवेत असताना शेवटपर्यंत आवळायचे नाहीत. गाडी उचललेली असते तेव्हा चाक खाली लोंबतं, आर्म खाली कललेला असतो. तसाच आवळला तर बुशचं रबर त्या स्थितीत पकडलं जातं. मग गाडी खाली आली की रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि वर्षाच्या आत फाटतं. म्हणून बोल्ट आधी नुसते धरायला लावायचे. मग आर्मखाली दुसरा जॅक देऊन चाक गाडी जमिनीवर असताना असतं तेवढं वर आणायचं, आणि मग आवळायचे. मला शंका आली, आधीचा बुश इतक्या लवकर फाटला तो कुणीतरी हवेतच आवळल्यामुळे तर नव्हे? सांगता येत नाही. पण त्या शंकेनंतर मी चारही बोल्ट सोडून पुन्हा नव्यानं आवळले. मामा काही म्हणाला नाही, फक्त बॅटरी धरून बसला.

प्रत्येक आवळलेल्या बोल्टावर त्यानं पांढऱ्या रंगाची एक रेघ ओढली, अर्धी नटावर, अर्धी आर्मवर. रेघ तुटलेली दिसली की समजायचं, नट फिरला. टिपरवर तो असंच करायचा. मुलीला रंगाचा डबा धरायचं काम मिळालं, गाडी खाली उतरल्यावर, पायरीवर बसून.

सोमवारी मी रजा काढली. म्हापशाच्या त्याच गॅरेजात गाडी लिफ्टवर गेली. कारागीर खाली उभा राहून एकेक जोड टॉमीनं रेटून बघत होता, बायको त्याच्या शेजारी पदर खोचल्यासारखी ओढणी बांधून उभी होती. ती प्रत्येक पांढऱ्या रेघेकडे बोट दाखवून विचारत होती, हा कशाचा, हा कशाचा. एका जागी तो थांबला. ब्रेकच्या पाइपचा एक छोटा कंस मी लावायला विसरलो होतो. गाडी चालली असती, पण पूर्ण स्टिअरिंग वळवल्यावर पाइप टायरला घासला असता. आज नाही तर दोन महिन्यांनी. त्यानं तो लावला, त्यावर त्यानंच रेघ ओढायला रंग मागितला. बायकोनं माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, यासाठीच आणली ना गाडी. मग व्हील अलाइनमेंट झालं. शॉकअपचे खालचे बोल्ट सोडले की चाकाचा कोन थोडा तरी हलतोच, आणि तो तसाच ठेवला तर नवे टायर काही महिन्यांत एका कडेनं झिजतात.

हिशेब केला तर भाग, स्प्रिंगा, हत्यारं, अलाइनमेंट आणि म्हापशाच्या फेऱ्या धरून साठातले जेमतेम अठरा हजार वाचले. बायकोच्या मते चिऱ्याचा खर्च यात धरलेला नाही.

घरी जाताना पाऊस लागला. पहिलाच. बायको मुलीला घेऊन मागच्या सीटवर बसली होती. गतिरोधक आला तेव्हा तिघंही गप्प होतो. गाडी चढली, उतरली. वायपरचा आवाज तेवढा आला. पुढच्या गतिरोधकाला मुलगी म्हणाली, "परत कर." मी वेग आणखी कमी केला, तरी ती हसली. बायको म्हणाली, "रेघा पुन्हा कधी बघायच्या?" शंभर किलोमीटर झाल्यावर, म्हटलं. तिनं फोनमध्ये लिहून ठेवलं.

शंभर किलोमीटर झाल्यावर डिचोलीला गेलो. रेघा सगळ्या सरळ होत्या. मामा एका मिनीबसखाली होता, आणि त्याच्या हातात माझी टॉर्क रेंच होती. मिनीबसच्या यू-बोल्टांचे आकडे शोधून दे म्हणाला. ते दिले. रेंच अजून तिकडेच आहे.